विझत जाणाऱ्या फोनॉनवरून आलेल्या प्रकाशाचं क्वांटम स्टॅटिस्टिक्स कसं काढायचं

कोल्हापुरात एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या बहुतेकांनी रमण स्पेक्ट्रम, म्हणजे सॅम्पलवरून विखुरताना लेसरच्या प्रकाशाची एनर्जी किती बदलली त्याचा ग्राफ, कधी ना कधी बघितलेला असतोय. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं काम मोठं आहे, त्यामुळं सॅम्पल द्यायचा, ५२० सेमी इन्व्हर्सला (एक भागिले सेंटिमीटर, एनर्जी मोजायचं एकक) सिलिकॉनचा पीक आला का बघायचं, बाकीचे पीक पेपरशी जुळवायचे आणि पुढच्या कॅरॅक्टरायझेशनकडं वळायचं, असं चालतंय. त्यात चूक काहीच नाही. पण त्याच प्रकाशात अजून एक गोष्ट असते जी स्पेक्ट्रममध्ये दिसतच नाही, ती म्हणजे फोटॉन कसे येतात, सुटे सुटे, घोळक्यानं, की जोडीजोडीनं. आणि ते कसे येतात हे ठरवतंय कोण, तर सॅम्पलमधला फोनॉन, म्हणजे अणूंच्या कंपनाचा एक क्वांटम, जो काही पिकोसेकंदांत विझून जातोय. फोनॉन हा बोसॉन, त्याचं विझणं म्हणजे डॅम्पिंग, आणि त्या सगळ्याचा ठसा बाहेर येणाऱ्या फोटॉनच्या मोजणीवर उमटतो. हे गणित वहीत आणि साध्या लॅपटॉपवर पूर्ण करता येतं, फक्त क्वांटम मेकॅनिक्समध्ये हार्मोनिक ऑसिलेटरचे लॅडर ऑपरेटर मनापासून केलेले पाहिजेत. तेवढं असलं की पुढचं सगळं इथं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळं गणित तिच्यावर उभं आहे: डॅम्पिंग लिहिलं की त्याच्याबरोबर नॉईज लिहायचाच. नुसतं डॅम्पिंग लिहिलं तर उत्तर येतंय, ग्राफही छान दिसतोय, पण ते फिजिक्स नसतंय. का, ते पुढं येईलच.

आधी मोड ठरवा

लेसर जोरदार असतो म्हणून त्याला साधा क्लासिकल आकडा धरायचा, ऑपरेटर नको. मग उरतात तीन मोड: स्टोक्स फोटॉन, अँटी-स्टोक्स फोटॉन आणि फोनॉन. स्टोक्समध्ये लेसरचा एक फोटॉन जातो आणि त्याच्या जागी कमी एनर्जीचा स्टोक्स फोटॉन अधिक एक फोनॉन असे दोघं एकदमच जन्माला येतात, म्हणून हॅमिल्टोनियनमध्ये दोन क्रिएशन ऑपरेटर शेजारी शेजारी बसतात. अँटी-स्टोक्समध्ये आधीपासून असलेला फोनॉन खाल्ला जातो आणि जास्त एनर्जीचा फोटॉन बाहेर येतो, तिथं एक क्रिएशन आणि एक अ‍ॅनिहिलेशन. पहिली टर्म जोड्या तयार करते, दुसरी टर्म फक्त अदलाबदल करते. हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण क्वांटमपणा जोडीतून येतो आणि अदलाबदल तो फक्त बाहेर काढून दाखवते.

२८ फेब्रुवारी १९२८ ला रमण यांनी हा प्रकाश ओळखला, त्या दिवशी आपण विज्ञान दिन करतो, कॉलेजमध्ये पोस्टर लागतात. त्याच्या चारच वर्षं आधी १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी फोटॉन मोजायची नवी पद्धत मांडली होती. या दोन कामांना एकत्र धरलं तरच रमणच्या प्रकाशाची मोजणी समजते असं मला मनापासून वाटतं, आणि पोस्टरवर ती दोन नावं शेजारी आलेली बघायला आवडेल.

आता फोनॉन किती आधीपासून आहेत ते काढा. बोसचाच फॉर्म्युला: एनर्जी भागिले केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान), त्याचं एक्स्पोनेन्शियल, त्यातून एक वजा, आणि त्याचा उलटा. याला मी एन-थर्मल म्हणतो. पटकन करायची युक्ती अशी की केटीला सेमी इन्व्हर्समध्येच ठेवायचं, तापमान केल्विनमध्ये घ्यायचं आणि ०.६९५ नं गुणायचं. ३०० केल्विन म्हणजे २७ अंश, म्हणजे आपल्याकडची साधी खोली, तिथं केटी येतंय २०८.५. हिऱ्याचा फोनॉन १३३२ चा, भागाकार ६.३९, एन-थर्मल ०.००१७. सिलिकॉनचा ५२०.५ चा, भागाकार २.५, एन-थर्मल ०.०९. कार्बन टेट्राक्लोराइडची २१८ ची लाईन घेतली तर ०.५४, म्हणजे सरासरी अर्धा फोनॉन आधीच हजर. आणि ब्रिलुअँ स्कॅटरिंगमधला (म्हणजे ध्वनिलहरींवरून विखुरण्यातला) १० गिगाहर्ट्झचा अकौस्टिक फोनॉन घेतला तर खोलीच्या तापमानाला सव्वासहाशे. एकाच खोलीत, एकाच टेबलावर ०.००१७ पासून ६२५ पर्यंत फरक पडतोय, म्हणून "रमण क्वांटम आहे का" असा प्रश्न मोघम विचारून उपयोग नाही, कुठला फोनॉन आणि किती तापमान हे सांगावं लागतं.

हा आकडा बरोबर आहे का ते तपासायचं साधन तुमच्याच स्पेक्ट्रममध्ये आहे. स्टोक्सचा रेट एन-थर्मल अधिक एकच्या प्रमाणात असतो आणि अँटी-स्टोक्सचा नुसत्या एन-थर्मलच्या. ५३२ नॅनोमीटरचा लेसर आणि सिलिकॉन घेतला तर स्टोक्स ५४७ ला पडतो, अँटी-स्टोक्स ५१८ च्या जरा अलीकडं. दोन्हींचं गुणोत्तर १२.१ यायला पाहिजे, पण त्याला फ्रिक्वेन्सीचा फॅक्टर लागतो, आणि इथं बरेच जण चुकतात: पुस्तकात चौथा घात असतो तो इंटेन्सिटीसाठी, तुम्ही फोटॉन मोजत असाल तर तिसरा घात घ्यायचा. तो फॅक्टर ०.८५ येतो, म्हणजे मोजणीत साधारण १०.३. अर्थात स्पेक्ट्रोमीटर दोन्ही वेव्हलेंग्थला सारखाच रिस्पॉन्स देत नाही, ते करेक्शन आधी करायचं. एवढं करूनही आकडा १०.३ पेक्षा कमी आला तर लेसरनं सॅम्पल तापलाय, पॉवर कमी करा आणि परत बघा.

डॅम्पिंग: इथं वेळ द्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो म्हणून सावकाश घेऊया. क्लासिकल ऑसिलेटरमध्ये आपण सवयीनं काय करतो, अँप्लिट्यूडला ई चा वजा गॅमा टी भागिले दोन घात लावतो आणि झालं (गॅमा म्हणजे विझण्याचा रेट, टी म्हणजे वेळ, आणि एक भागिले गॅमा म्हणजे लाइफटाइम). तेच क्वांटममध्ये फोनॉनच्या बी ऑपरेटरला (बी एक फोनॉन कमी करतो, बी-डॅगर एक वाढवतो) लावून बघा आणि लगेच बी आणि बी-डॅगरचा कम्युटेटर काढा. तो एक यायला पाहिजे, पण येतो ई चा वजा गॅमा टी घात, म्हणजे काही लाइफटाइम गेले की कम्युटेटर शून्य झाला आणि त्याबरोबर अनसर्टन्टी प्रिन्सिपलही गेलं. असं होऊ शकत नाही. फोनॉन विझतो म्हणजे त्याची एनर्जी क्रिस्टलमधल्या बाकीच्या हजारो मोडमध्ये जाते, आणि एनर्जी जायला जी वाट आहे त्याच वाटेनं त्या मोडची हालचाल परत आत येते. तो परत येणारा भाग म्हणजे नॉईज ऑपरेटर. तो धरला की कम्युटेटरमध्ये एक वजा ई चा वजा गॅमा टी घात एवढी भर पडते आणि बेरीज बरोबर एक होते. ही बेरीज प्रत्येकानं एकदा हातानं करावी, पाच ओळींचं काम आहे.

मास्टर इक्वेशननं, म्हणजे स्टेट वेळेबरोबर कशी बदलते त्याच्या इक्वेशननं, करणार असाल तर हीच गोष्ट दोन रेटच्या रूपात येते. फोनॉन जायचा रेट गॅमा गुणिले एन-थर्मल अधिक एक, फोनॉन यायचा रेट गॅमा गुणिले एन-थर्मल. दोन्हींत तो एकचा फरक ठेवायचा, तो एक म्हणजे तापमान शून्य असलं तरी फोनॉन विझू शकतो याची नोंद. या इक्वेशनचं सर्वसाधारण रूप १९७६ मध्ये दोन वेगवेगळ्या पेपरमध्ये आलं, एक लिंडब्लाड यांचा आणि दुसरा गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन यांचा. हे सुदर्शन म्हणजे आपले केरळचे ई. सी. जी. सुदर्शन, प्रकाशाच्या कोहेरंट स्टेटवरचं १९६३ चं महत्त्वाचं कामही त्यांचं. लिंडब्लाड इक्वेशन एवढंच म्हणून सोडून देऊ नका, पूर्ण नाव घ्या.

यातून सरासरी फोनॉनचं उत्तर सरळ येतं: सुरुवातीचे फोनॉन ई च्या वजा गॅमा टी घातानं कमी होतात, आणि एन-थर्मल गुणिले एक वजा तोच घात एवढे नवीन भरतात.

आता गॅमाची कटकट. एका पुस्तकात गॅमा एनर्जीचा असतो, दुसऱ्यात अँप्लिट्यूडचा, तिसऱ्यात कप्पा लिहिलेलं असतं आणि त्यात दोनचा फॅक्टर गिळलेला असतो. मी इथं सगळीकडं एनर्जीचा गॅमा घेतलाय, म्हणजे फोनॉनची संख्या गॅमानं विझते आणि अँप्लिट्यूड अर्ध्या गॅमानं. स्पेक्ट्रमवरून तो काढायचा तर पीकची अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी घ्या, ती सेमी इन्व्हर्समध्ये असेल तर ५.३ ला तिनं भागा, लाइफटाइम पिकोसेकंदात मिळतो. सिलिकॉनची रुंदी खोलीच्या तापमानाला साधारण ३ ते ४ सेमी इन्व्हर्स, म्हणजे लाइफटाइम साधारण १.३ ते १.८ पिकोसेकंद. मात्र तुमच्या स्पेक्ट्रोमीटरचं स्वतःचं रेझोल्यूशन २ सेमी इन्व्हर्स असेल तर ती रुंदी त्यात मिसळलेली असते, व्हॉइट प्रोफाइल फिट करून लॉरेंट्झियन भाग (फोनॉनची स्वतःची रुंदी) वेगळा काढल्याशिवाय गॅमा म्हणू नका. आणि हे सगळं गणित मुळात चालतं ते गॅमा हा फोनॉनच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा आणि केटीपेक्षाही खूप लहान असेल तरच. सिलिकॉनला ३ विरुद्ध ५२० आणि २०८, काही अडचण नाही.

मोजायचं काय

दोन आकडे लागतात, मॅन्डेलचा क्यू आणि जी-टू. क्यू म्हणजे व्हेरिअन्समधून सरासरी वजा करून सरासरीनं भागायचं. पॉइसन, म्हणजे फोटॉन एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील तर शून्य, ठरावीक संख्येचे फोटॉन असतील तर वजा एक, थर्मल असेल तर जेवढी सरासरी तेवढाच क्यू. जी-टू म्हणजे एक फोटॉन मिळालाय तर त्याच क्षणी दुसरा मिळायची शक्यता नेहमीपेक्षा किती पट. कोहेरंट म्हणजे लेसरसारख्या प्रकाशाला एक, थर्मलला दोन, एकट्या फोटॉनला शून्य.

थर्मलला दोन का येतात हे पटत नसेल तर गळीत हंगामात हायवेला उभं राहून बघा. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसाला किती जातात त्याची सरासरी एक गोष्ट, पण एक ट्रॉली दिसली की तिच्या मागं दुसरी असायची शक्यता सरासरीपेक्षा जास्त असते, कारण रस्ता कधी भरलेला असतो आणि कधी मोकळा. थर्मल प्रकाशाची इंटेन्सिटी अशीच वरखाली होते आणि फोटॉन ती भरलेली वेळ गाठून येतात. हॅन्बरी ब्राऊन आणि ट्विस यांनी १९५६ मध्ये हे मोजून दाखवलं तेव्हा बऱ्याच फिजिसिस्टना ते पटलं नव्हतं. १९६३ मध्ये ग्लॉबर यांनी त्याची क्वांटम थिअरी नीट बसवली आणि त्याच कामाला २००५ चं नोबेल मिळालं. मात्र ट्रॉल्यांची तुलना एक ते दोनपर्यंतच चालते, जी-टू एकच्या खाली गेला की तिथं वरखाली होणारी कुठलीच क्लासिकल इंटेन्सिटी उपयोगाची नाही. ते पहिल्यांदा दिसलं १९७७ मध्ये, किंबल, डॅजेने आणि मॅन्डेल यांच्या प्रयोगात, सोडियमच्या अणूंच्या फ्लुरोसन्समध्ये.

क्यू वापरायचा की जी-टू? माझं मत स्पष्ट आहे, स्कॅटरिंगच्या कामात जी-टू. कारण लेन्स, फिल्टर, डिटेक्टर सगळं मिळून शंभरातला एखादा फोटॉन हाताला लागतो, क्यू त्या एफिशिअन्सीनं गुणला जातो आणि शून्याला चिकटतो, जी-टू मात्र लॉसनं बदलत नाही. एक फोनॉन शून्य तापमानाच्या बाथमध्ये (बाथ म्हणजे आजूबाजूचे बाकीचे मोड) विझतोय असं घ्या, क्यू वजा एकपासून सुरू होऊन गॅमानं शून्याकडं जातो, आणि जी-टू शेवटपर्यंत शून्यच राहतो. तापमान आलं की मात्र जी-टूलाही सुटका नाही, बाथमधून आलेले थर्मल फोनॉन मिसळतात.

कोहेरंट फोनॉन थर्मल बाथमध्ये विझत असेल, म्हणजे पल्सनं क्रिस्टल हलवला आणि सोडून दिला, तर फॉर्म्युला असा: कोहेरंट भाग जेवढा उरलाय तो सी म्हणा, बाथमधून भरलेला थर्मल भाग टी म्हणा. टीचा वर्ग अधिक सी आणि टीच्या गुणाकाराची दुप्पट, याला सी अधिक टीच्या वर्गानं भागा आणि एक मिळवा, हा जी-टू. आकडे घालून बघूया. सुरुवातीला सी ४, एन-थर्मल १. अर्ध्यावर आला तेव्हा सी २, टी ०.५, जी-टू येतो १.३६. तीन लाइफटाइमनंतर सी ०.२, टी ०.९५, जी-टू १.९७. म्हणजे लेसरसारखा शिस्तीत असलेला फोनॉन तीन लाइफटाइममध्ये जवळपास पूर्ण थर्मल झाला. हे आकडे जपून ठेवा, लॅपटॉपवर तपासायला लागणार आहेत.

लॅपटॉपवर

पायथॉनमध्ये क्युटिप म्हणून फुकट लायब्ररी आहे, तीच घ्या. डिस्ट्रॉय ऑपरेटर बनवायचा, दोन कोलॅप्स ऑपरेटर द्यायचे, एकाला गॅमा गुणिले एन-थर्मल अधिक एकचं वर्गमूळ, दुसऱ्याला गॅमा गुणिले एन-थर्मलचं वर्गमूळ, आणि एमई-सॉल्व्ह चालवायचं. वर्गमूळ विसरलं तर एरर येत नाही, नुसतं उत्तर चुकतंय, म्हणून वरचे १.३६ आणि १.९७ आधी आणून दाखवा आणि मगच स्वतःच्या प्रॉब्लेमकडं वळा. हॅमिल्टोनियनमध्ये फोनॉनची पूर्ण फ्रिक्वेन्सी ठेवायची गरज नाही, रोटेटिंग फ्रेममध्ये जा, नाहीतर सॉल्व्हर पिकोसेकंदाला पंधरा-सोळा हेलकावे मोजत बसतो आणि हातात काहीच येत नाही.

फॉक स्पेस, म्हणजे फोनॉन-संख्येच्या लेव्हल, किती घ्यायची हा खरा प्रश्न. थर्मल स्टेटची शेपटी लांब असते, एन लेव्हलच्या वरची शक्यता म्हणजे एन-थर्मल भागिले एन-थर्मल अधिक एक, त्याचा एनवा घात. एन-थर्मल २ असेल तर २० लेव्हलला चूक दहा हजारात तीन, ४० ला कोटीत एकाच्या आसपास. ४० लेव्हल म्हणजे १,६०० गुणिले १,६०० चं मॅट्रिक्स, चार जीबी रॅमच्या मशीनवरही पळतंय. पण ब्रिलुअँचे ६२५ घ्यायला गेलात तर पाच हजारांच्या वर लेव्हल लागतील, तो नाद सोडा. तिथं स्टेट गॉसियन असते, सरासरी आणि कोव्हेरिअन्स एवढ्यांचीच इक्वेशन लिहा, दोन-चार ओळींत संपतात आणि कुठंही कापाकापी करावी लागत नाही. खरं तर क्वाड्रॅटिक हॅमिल्टोनियन आणि हे डॅम्पिंग असं असेल तेव्हा आधी हातानं करायचं आणि क्युटिप फक्त पडताळणीला ठेवायचं, उलटं नाही.

जोडी किती वेळ टिकते

आता ज्यासाठी एवढं सगळं केलं ते. एक कमजोर लेसर पल्स सोडा, स्टोक्स फोटॉन मिळाला की समजायचं आत एक फोनॉन तयार झालाय. थोडं थांबून दुसरी पल्स सोडा, तो फोनॉन अँटी-स्टोक्स होऊन बाहेर येतो का बघा. स्टोक्स आणि अँटी-स्टोक्स एकत्र मिळायचं प्रमाण योगायोगाच्या किती पट, हा क्रॉस जी-टू.

वहीत करा. थर्मल स्टेटला बी-डॅगर लावला, म्हणजे स्टोक्स फोटॉन दिसल्यानंतरची स्टेट घेतली, तर त्यात सरासरी फोनॉन दोन एन-थर्मल अधिक एक होतात. यातले एन-थर्मल आधीचेच, म्हणजे वाढ एन-थर्मल अधिक एकची. ही वाढ गॅमानं विझणार. म्हणून थांबण्याची वेळ टाऊ असेल तर क्रॉस जी-टू म्हणजे एक अधिक कंसात एक अधिक एन-थर्मलचा उलटा, गुणिले ई चा वजा गॅमा टाऊ घात. टाऊ शून्य धरला तर हिऱ्याला जवळपास ६००, सिलिकॉनला १३, आणि १० गिगाहर्ट्झच्या ब्रिलुअँला २ च्या वर फक्त ०.००१६.

क्लासिकल मर्यादा कोशी-श्वार्त्झनं येते, क्रॉस जी-टूचा वर्ग हा दोन्ही बाजूंच्या स्वतःच्या जी-टूंच्या गुणाकारापेक्षा मोठा होऊ शकत नाही. स्टोक्स एकटा बघितला तर थर्मल, अँटी-स्टोक्सही थर्मल, दोघांचे दोन-दोन, म्हणून मर्यादा २. मग किती वेळ आपण दोनच्या वर राहतो? दोनला बरोबर करा, ई चा वजा गॅमा टाऊ घात बरोबर एन-थर्मल भागिले एन-थर्मल अधिक एक. पण उजवीकडचं गुणोत्तर म्हणजे तर बोल्ट्झमन फॅक्टर! म्हणजे गॅमा टाऊ बरोबर फोनॉनची एनर्जी भागिले केटी. एवढं साधं. सुरुवातीला काढलेला जो भागाकार होता, तेवढे लाइफटाइम जोडी क्वांटम राहते. हिऱ्यात ६.४ लाइफटाइम, सिलिकॉनमध्ये अडीच, ब्रिलुअँमध्ये लाइफटाइमचा हजारावा भाग जेमतेम. सिलिकॉन लिक्विड नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनला नेला तर अडीचचे ९.७ होतात. हा निकाल मला फार आवडतो, कारण त्यात गॅमा आणि तापमान ही दोन्ही डॅम्पिंगचीच माणसं समोरासमोर उभी राहतात, आणि नॉईज वगळला असता तर उजवी बाजू आलीच नसती, जोडी कायमची क्वांटम राहिली असती.

२०११ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन लॅबमध्ये दोन वेगवेगळ्या हिऱ्यांच्या कंपनांना खोलीच्या तापमानालाच एन्टँगल केलं गेलं, तेव्हा हिराच का घेतला याचं मोठं कारण या ६.४ मध्ये आहे. त्यासाठी फेम्टोसेकंद पल्स लागतात, कारण लाइफटाइमच काही पिकोसेकंद. वरचा फॉर्म्युला आदर्श आहे, डार्क काउंट, फिल्टरमधून निसटलेला लेसर, फ्लुरोसन्स हे सगळं जी-टूला खाली ओढतं, त्यामुळं प्रत्यक्षात ६०० दिसणार नाहीत.

प्रत्यक्ष मोजायचं असेल तर

फेम्टोसेकंद लेसर सगळ्यांच्या हाताशी नसतो, पण मोजणी शिकायला तो लागतही नाही. साधा हीलियम-निऑन लेसर, घासलेल्या काचेची गोल चकती, ती हळू फिरवणारी मोटर, एक पिनहोल आणि एक फोटॉन काउंटर. १९६४ मध्ये मार्टिएन्सेन आणि स्पिलर यांनी ही पद्धत दाखवली, चकतीवरून स्कॅटर झालेला प्रकाश एका स्पेकलमधून (ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीतल्या एका ठिपक्यातून) घेतला की तो थर्मलसारखा वागतो. लेसरचा ठिपका ५० मायक्रॉनचा आणि चकतीचा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर असेल तर कोहेरन्स टाइम साधारण एक मिलिसेकंद येतो, आपल्या गणितातल्या लाइफटाइमची जागा इथं तो घेतो. गेट, म्हणजे एकेका मोजणीचा वेळ, २० मायक्रोसेकंदाचा ठेवा आणि रेट सेकंदाला ५०,००० काउंटवर आणा म्हणजे सरासरी एक. मग हिस्टोग्राम काढा: थर्मलमध्ये शून्य फोटॉनचे गेट ५० टक्के, एकचे २५, दोनचे साडेबारा. चकती थांबवली की पॉइसन, ३७, ३७ आणि १८ टक्के. पाच फोटॉनच्या खान्यात थर्मल पॉइसनच्या पाचपट भरतो, फरक डोळ्यांनी दिसतो. मग गेट मुद्दाम दोन-तीन मिलिसेकंदांचा करून बघा (प्रकाश तेवढाच कमी करून), जी-टू दोनवरून एककडं सरकायला लागतो, कारण एका गेटमध्ये अनेक मोड येतात आणि एम मोडला जी-टू एक अधिक एक भागिले एम होतो.

डिटेक्टर एकच असेल तर त्याचा डेड टाइम (एका फोटॉननंतर तो आंधळा असतो ती वेळ) खोटं अँटीबंचिंग, म्हणजे फोटॉन सुटे येतात असं, दाखवतो आणि आफ्टरपल्स (फोटॉन नसताना मागाहून येणारी पल्स) खोटं बंचिंग, म्हणजे घोळक्यानं येतात असं. म्हणून बीम स्प्लिटर लावून दोन डिटेक्टर घ्यायचे, एकाच्या फोटॉननं घड्याळ सुरू आणि दुसऱ्याच्या फोटॉननं बंद असं मोजायचं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हवेत जो ओलावा असतोय त्यात फिल्टर आणि लेन्स उघड्यावर ठेवू नका, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, बुरशी कोटिंगवर बसली की स्कॅटर वाढतं आणि ते सरळ बॅकग्राउंडमध्ये जातं.

खऱ्या रमण सेटअपवर जाणार असाल तर आधी फिल्टर बघा. बऱ्याच मशीनमध्ये एज फिल्टर असतो, तो लेसर आणि त्याच्या अलीकडची अख्खी अँटी-स्टोक्स बाजूच कापतो, नॉच फिल्टर लागेल. सतत चालणाऱ्या लेसरवर सिलिकॉनच्या स्टोक्सचा जी-टू दोन दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, कोहेरन्स टाइम दोन पिकोसेकंदांच्या आत आणि डिटेक्टरचा जिटर (वेळ नोंदवण्यातली चूक) पन्नास ते काहीशे पिकोसेकंद, बंचिंग त्यात पसरून एखाद-दुसऱ्या टक्क्यावर येतं. पल्स लाइफटाइमपेक्षा लहान असेल तर जिटरचा प्रश्न राहत नाही, कारण मग पल्स-पल्स मोजायचं असतंय, पिकोसेकंद नाही.

आणि क्रॉस जी-टू मोजाल तेव्हा मर्यादा डोळे झाकून २ धरू नका. कलेक्शनमध्ये स्पेसचे दोन-तीन मोड शिरले तर स्टोक्सचा स्वतःचा जी-टू दोन नसून १.४ असेल, अँटी-स्टोक्सचा अजून वेगळा, आणि मर्यादा त्या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. सिंगल मोड फायबरमधून कलेक्ट करा, स्टोक्स आणि अँटी-स्टोक्स दोन्हींना वेगवेगळे बीम स्प्लिटर लावा, आणि तिन्ही जी-टू एकाच रनमधून काढा, म्हणजे लेसरची पॉवर मध्येच सरकली तरी तिन्हींवर सारखीच सरकलेली असेल.